चिनी ब्रँडचे चार रस्ते: तुमच्या कामाचा कोणता?

डिझाइनचं शिक्षण संपवून स्वतःचं काही सुरू करू पाहणारे, किंवा घरचा हातमागाचा, चामड्याचा, तांब्या-पितळेचा धंदा पुढच्या पिढीत नेऊ पाहणारे लोक हल्ली चिनी ब्रँडकडे बारकाईने बघतात. बघायलाच हवं. पण ‘चीनसारखं करू या’ असं म्हणून भागत नाही, कारण तिथे एकमेकांच्या उलट दिशेने जाणारे रस्ते एकाच वेळी चालू आहेत. इथे चार घेतले आहेत: शांग शिया, ली-निंग, फ्लोरासिस आणि शाओमी. चौघांनाही एकच प्रश्न विचारू: आपला चिनीपणा तुम्ही कुठे ठेवलात, आणि त्याचे पैसे कोणी भरले?

शांग शियाने तो कारागिरीत ठेवला. हा ब्रँड ज्यांग च्योंग-अर या शांघायच्या डिझायनरने एर्मेस या महागड्या चैनीच्या वस्तू बनवणाऱ्या फ्रेंच घराण्याच्या पाठबळावर उभा केला. वडील शांघाय संग्रहालयाचे वास्तुविशारद, तिचं स्वतःचं शिक्षण शांघाय आणि पॅरिसमध्ये. पहिलं दुकान 2010 मध्ये शांघायला उघडलं, 2013 मध्ये पॅरिसला. त्यांचा चहाचा संच बघा. जिंगदेजेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गावच्या पातळ पोर्सेलिनचा पेला आणि त्यावर सिच्वानी पद्धतीने थेट विणलेली बांबूच्या तंतूंची जाळी. तंतू इतके बारीक की लांबून कापड गुंडाळल्यासारखं वाटतं. साचा वेगळा नाही, पेलाच साचा, त्यामुळे वीण किंचितही सैल पडून चालत नाही. शिवाय पातळ पेल्यात चहा ओतला की बोटं पोळतात, ती या विणीमुळे पोळत नाहीत. ड्रॅगन नाही, लाल कंदील नाही, कुठे काही कोरलेलं नाही. मिंग राजवटीच्या काळातल्या (चौदावं ते सतरावं शतक) खुर्च्यांच्या रेषाही त्यांनी अशाच नव्याने घेतल्या, कधी लाकडात, कधी कार्बन फायबरमध्ये.

या चारांत डिझाइन म्हणून मला हेच काम सर्वांत उजवं वाटतं, आणि धंदा म्हणून सर्वांत अवघड. असा माल सावकाश बनतो, थोडा विकला जातो आणि दुकान मात्र शहरातल्या महागड्या रस्त्यावरच लागतं. एर्मेसला नफ्याची घाई नव्हती, म्हणून दहा वर्षं निभावलं. 2020 च्या शेवटी फियाट मोटारींच्या इटालियन अॅग्नेली कुटुंबाच्या एक्सोर या गुंतवणूक कंपनीने सुमारे 8 कोटी युरो घालून बहुसंख्य हिस्सा घेतला. पुढे नवा क्रिएटिव्ह डायरेक्टर आला आणि ब्रँड पॅरिसच्या फॅशन वीकमध्ये उतरला. कपडे पुढे आले, बांबूची वीण मागे गेली. मालक बदलला की चव बदलायचीच. कारागिरीवर ब्रँड उभा करणाऱ्याने हे आधीच गृहीत धरावं: तुमच्या मागे दहा वर्षं थांबणारा पैसा नसेल, तर शांग शियाकडून वस्तू बनवायला शिका, दुकान चालवायला नको.

खेळाचे कपडे आणि सामान बनवणाऱ्या ली-निंगची गोष्ट वेगळी. बॅडमिंटन खेळणाऱ्या मराठी वाचकाला हे नाव सांगायला नको. 2019 मध्ये पी. व्ही. सिंधूशी त्यांनी मोठा करार केला होता. ब्रँडचा संस्थापक म्हणजे 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णांसह सहा पदकं मिळवणारा जिम्नॅस्ट ली निंग. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकची ज्योतही त्यानेच पेटवली, तारेला लटकून स्टेडियमच्या कडेने हवेत ‘धावत’. अधिकृत प्रायोजक होती आदिदास आणि साऱ्या जगाचे डोळे होते प्रतिस्पर्धी कंपनीच्या संस्थापकावर! इतकी फुकट जाहिरात कोणाला मिळाली नसेल.

तरीही पुढे घसरण झाली. 2010 मध्ये कंपनीने लोगो बदलला, घोषवाक्य बदललं आणि नव्वदनंतर जन्मलेल्या पोरांसाठी आपण आहोत असं जाहीर केलं. खरं गिऱ्हाईक होतं पस्तीस-चाळिशीचं. ते दुखावलं, आणि पोरं काही नाइके सोडून आली नाहीत. त्यात संपूर्ण चीनमधल्या खेळाच्या कपड्यांच्या दुकानांत माल साचलेला. 2012 मध्ये तोटा गेला जवळपास 198 कोटी युआनवर (युआन म्हणजे चिनी चलन). शेवटी ली निंगला स्वतः परत कारभारात उतरावं लागलं.

मग आला फेब्रुवारी 2018. न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये या कंपनीने छातीवर ठळक चौकोनी चिनी अक्षरांत ‘चीन ली-निंग’ छापलेले कपडे उतरवले. रंग लाल-पिवळे, चिनी खेळाडूंच्या जुन्या गणवेशाचे. त्या जोडीला चीनमध्ये लोक गंमतीने ‘टोमॅटो-अंडं’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी जे गावठी म्हणून हिणवलं जात होतं, तेच आता रुबाबाचं झालं. त्या वर्षी विक्री पहिल्यांदाच 1,000 कोटी युआनच्या पुढे गेली. देशी मालाची जी लाट तिथे ‘ग्वोछाओ’ नावाने ओळखली जाते, तिची सुरुवात बरेच जण या शोपासून धरतात.

म्हणजे इथे चिनीपणा थेट छातीवर आहे. फायदा उघड: नवं काही समजावून सांगावं लागत नाही. धोकाही तिथेच. 2022 मध्ये ली-निंगच्या एका शोमधल्या टोप्या जुन्या जपानी सैन्याच्या टोप्यांसारख्या दिसतात म्हणून चिनी ग्राहकच खवळले. देशाभिमानावर माल विकला की देशाभिमानाच्या रोज नव्या परीक्षेला बसावं लागतं. आणि मुख्य म्हणजे हा रस्ता ज्याचं नाव आधीच घरोघरी आहे त्याच्यासाठी. पडलेल्या पण लोकांच्या मनातून न गेलेल्या एखाद्या जुन्या ब्रँडची सूत्रं तुमच्या हाती आली असतील, तर ली-निंगचा बारकाईने अभ्यास करा. कालपरवा कंपनी काढलेल्याने छातीवर देशाचं नाव लिहिलं, तर ते पंधरा ऑगस्टचं टी-शर्ट होतं.

नव्या माणसाला सर्वांत जास्त मोह पडतो तो फ्लोरासिसचा. 2017 मध्ये हांगचौला सुरू झालेला हा सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड, चिनी नाव ‘हुआशीझ’. यांनी चिनीपणा वेष्टनावर आणि वस्तूच्या पृष्ठभागावर आणला. त्यांची लिपस्टिक उघडली की आतल्या रंगाच्या कांडीवरच उठावाचं नक्षीकाम दिसतं. बाहेरची डबी जुन्या चिनी कुलपाच्या आकाराची. म्याव जमातीच्या चांदीच्या दागिन्यांवरून घेतलेली एक मालिकाही आहे. कांडीवरची नक्षी दोन-चार वेळा ओठांवर फिरवली की जाते, हे बनवणाऱ्यालाही माहीत आहे आणि घेणाऱ्यालाही. ती नक्षी मुळात फोटोसाठी आहे. यात लबाडी नाही. मोबाइलच्या पडद्यावर विकल्या जाणाऱ्या मालाने पडद्यावर उठून दिसणं ही त्याची पहिली गरज आहे.

विक्रीचा मोठा आधार होता ली ज्याछी, लाइव्ह विक्री करणारा चीनमधला सर्वांत नावाजलेला चेहरा. सप्टेंबर 2023 मध्ये एका प्रेक्षकाने फ्लोरासिसची भुवयांची पेन्सिल 79 युआनला (तेव्हाचे साधारण 900 रुपये) महाग आहे अशी तक्रार केली, तेव्हा तो उखडला: इतक्या वर्षांत तुमचा पगार का वाढला नाही, तुम्ही नीट मेहनत केली का, अशा थाटात. दुसऱ्या दिवशी रडून माफी मागितली, पण बाण सुटला होता. लोकांनी हिशेब मांडला की ग्रॅममागे ही पेन्सिल सोन्याहून महाग पडते. फेंगहुआसारख्या जुन्या, साध्या शांपूवाल्या ब्रँडने लगेच 79 युआनचे संच काढले आणि ते धडाधड विकले गेले. नक्षी तीच, कुलूप तेच, आणि ब्रँडची किंमत एका वाक्याने खाली आली. थोड्या भांडवलात लवकर नाव करायचं असेल तर हा रस्ता खुला आहे, यात शंका नाही. पण तुमचा माल एकाच चेहऱ्यावर आणि एकाच अॅपवर विकला जात असेल, तर ब्रँड नक्की कोणाचा, हे वेळीच विचारा. आणि वेष्टनावरचा खर्च आतल्या मालाहून जास्त झाला तर ग्राहक कधी ना कधी वजनकाटा काढतोच.

शाओमीबद्दल थोडक्यात, कारण तो फोन बहुतेकांच्या घरात येऊन गेला आहे. चिनीपणा त्यांनी कुठेच दाखवला नाही. पांढरा रंग, गोल कोपरे, कमी बटणं, एवढंच. शिकण्यासारखं आहे ते फोनबाहेर. 2013 च्या सुमाराला त्यांनी छोट्या कंपन्यांत पैसे घालायला सुरुवात केली, डिझाइन आणि दर्जा यांची शिस्त लावली आणि त्यांचा माल आपल्या दुकानात ठेवला. त्यांची 10,400 एमएएचची पॉवर बँक 69 युआनला आली आणि बाजारातले निम्मे भुरटे विक्रेते गार झाले. ते डिझाइन असं आहे की त्याचा फोटो कोणी काढत नाही, पण दुसऱ्यांदा विकत घेतं.

तुमच्याकडे कारखाना चांगला आहे पण नाव नाही, आणि एखादी मोठी साखळी तुमचा माल घ्यायला तयार आहे, अशी स्थिती असेल तर मी सरळ शाओमीच्या या छोट्या भागीदारांचा रस्ता सुचवेन. नफा कमी, पण दर्जाची सवय लागते आणि खप कळतो. फक्त पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाची एक तरी वस्तू बाजूला चालू ठेवा. शाओमीसाठी मनगटी पट्टे बनवणाऱ्या हुआमीने तेच केलं, अमेझफिट नावाने. 2018 मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात स्वतःच्या नावाने नोंदली गेली तेव्हाही तिचा बहुतांश खप शाओमीच्याच पट्ट्यांचा होता, म्हणून ही दुसरी वस्तू जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं.