प्रार्थना-डायरी, रोज एक पान : वर्षभर वापरून झाल्यावर

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा बांधणीने घालवला आणि पूर्ण एक ‘उत्तर’ नावाच्या रकान्याने. नाव देत नाही, कारण खाली चुका काढल्या आहेत आणि छापणारे मोठे कोणी नाहीत, मनापासून काम करणारे दिसतात.

डायरी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बहिणीने भेट दिली. ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी आध्यात्मिक घेऊन येत होता. पाच पुस्तकं जमली, भिंतीवर लावायची दोन वचनं जमली. पुस्तकं तशीच आहेत. चार तास खुर्चीशेजारी बसायचं, मधेच मशीन बोंबलायला लागलं की सिस्टर धावत येणार, ह्यांच्या पायात गोळे आले की मी पाय दाबणार. त्यात सलग वाचन होत नाही. डायरी पर्समध्ये मावली, म्हणून ती रोज बरोबर आली. मोठी निवड वगैरे काही नव्हती.

पानाची मांडणी अशी. वर एक वचन. त्याखाली तीन ओळींचा चौकोन, त्यावर छापलंय ‘आजची भाकर’. मग ‘इतरांसाठी’ म्हणून थोडी मोकळी जागा. तळाला ‘रात्री मागे वळून’. उजवीकडे उभा, अरुंद रकाना : ‘उत्तर’. दर पानावर तारीख आहे, वार नाही. आमचं सगळं आयुष्य सोमवार-बुधवार-शुक्रवार असं चालतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी वर्षभराचे वार पेन्सिलीने घालत बसले. सात-आठ ठिकाणी चुकले, ते अजून तसेच आहेत.

चौकोनाबद्दल सविस्तर लिहिते, कारण डायरी घ्यावी ती त्याच्यासाठी. तीन ओळी म्हणजे खरंच तीन. सुरुवातीला मला त्या पुरेनात. किडनी मिळू दे, मिळाली तर शरीराने स्वीकारू दे, मुलीचं शिक्षण अडू नये, ह्यांची नोकरी टिकू दे, माझी कंबर धरते तिचं काय ते बघ. अक्षर मुंगीएवढं करून मी समासात शिरायचे. हे एकदा सुया लावलेल्या हाताकडे न बघता म्हणाले, ‘‘अगं, देवाला भिंग लागेल.’’ मला हसू आलं आणि जरा रागही आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी ओळीत मावेल तेवढंच लिहायला लागले आणि तेव्हा लक्षात आलं की तीन ओळीत पुढचं वर्ष मावतच नाही. आजचाच दिवस मावतो.

मार्च महिन्यातलं एक पान समोर उघडून जसंच्या तसं उतरवते :

‘सुई पहिल्यांदाच नीट लागू दे. तिसऱ्या तासाला बीपी पडू नये. आज तहान कमी दे.’

तिसरी ओळ ह्यांनी सांगितलेली. दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण नाही त्यांना वाटतं, त्यात काय एवढं. मी बायबल अभ्यासाला अनेक वर्षं बसते, पण ‘तहान कमी दे’ अशी प्रार्थना कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. त्या दिवशी ती मिळाली का? थोडी. रात्रीच्या ओळीत लिहिलंय, ‘अर्धा पेला उरला.’

डायरीच्या सुरुवातीला प्रस्तावना आहे, नऊ पानांची. त्यातली प्रभूच्या प्रार्थनेवरची, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेवरची, दोन पानं पुन्हा पुन्हा वाचावीत अशी आहेत. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ आहे, तर लूकमध्ये तेच ‘रोजच्या रोज’ दे असं आहे. आणि ज्याचं आपण सरळ ‘रोजची’ करून टाकतो, तो मूळ ग्रीक शब्द, एपिऊसिऑस, या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही. म्हणून त्याच्या अर्थावर अजून वाद आहे : आजच्यापुरती, येणाऱ्या दिवसाची, की जगायला लागेल तेवढी? जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचं लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये ‘रोजची’ असा शब्द घातला आणि मत्तयात त्याच ग्रीक शब्दासाठी ‘पदार्थापलीकडची’ अशा अर्थाचा वेगळाच. लहानपणापासून ही प्रार्थना मी धडाधड म्हणत आले. तिच्या मधोमध असा एक शब्द बसलाय, ज्याचा नेमका अर्थ कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे साठीला आल्यावर कळलं. मला ते आवडलं. डायलिसिसच्या दिवशी तिन्ही अर्थ चालतात.

पण त्याच प्रस्तावनेत पुढे मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न, येतो आणि तिथे माझं भांडण आहे. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १६व्या अध्यायातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे : माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप) गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवायचा नाही, ज्यांनी ठेवला त्यांच्या भांड्यात किडे पडले आणि वास सुटला. यावरून लेखक म्हणतात की उद्याची तरतूद करणं म्हणजे अविश्वास. अहो, अध्याय पुढे वाचा की. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय, आणि तो ठेवलेला मान्ना नासला नाही! सहावा दिवस म्हणजे शुक्रवार. आमचाही तो मोठा शुक्रवार असतो, कारण पुढे शनिवार-रविवार मशीन नाही, थेट सोमवारी. डायलिसिसवाल्यांना ही दोन दिवसांची गॅप चांगली माहीत असते. अंगात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं, सोमवारी वजनकाट्यावर उभं राहताना माणूस चोरासारखा दिसतो. शुक्रवारी मी पुढचे दोन दिवस धरूनच मागते, औषधं मोजून ठेवते, रात्री-बेरात्री निघावं लागलं तर पिशवी दाराशी असते. यात अविश्वास कुठे आला? त्याच प्रस्तावनेत जॉर्ज म्युलरचं कौतुक आहे. १८३६ साली ब्रिस्टलमध्ये त्याने अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं, माणसांपुढे हात पसरायचा नाही, फक्त देवापाशी मागायचं, असं ठरवून. हयातीत १०,००० हून जास्त मुलं त्याच्या संस्थेत सांभाळली गेली. पण हाच माणूस आलेल्या पैशाचा नीट हिशेब ठेवून दरवर्षी अहवाल छापायचा, हे सांगायला लेखक विसरले.

आता तो ‘उत्तर’ रकाना. त्यात प्रत्येक ओळीसमोर तीन गोल आहेत : हो, नाही, थांब. एक रंगवायचा. दर महिनाअखेरीस एक पान, ‘या महिन्यातली उत्तरं’, त्यात ‘हो’ मोजून लिहायचे. जानेवारीत मी मोजले. एकवीस आले. फेब्रुवारीत सोळा. आणि चक्क मला वाईट वाटलं, परीक्षेत गुण कमी पडल्यासारखं. देवाची की माझी परीक्षा, तेही कळेना. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, त्याला उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. त्याने कोणता गोल रंगवायचा? ‘हो’ नाही, सरळ ‘नाही’ही नाही, आणि ‘थांब’ तर मुळीच नाही. मार्चपासून मी तो रकाना बीपी लिहायला वापरते. वरचं-खालचं दोन्ही आकडे बरोबर मावतात.

महिनाअखेरची पानं शेवटी ब्लेडने कापून काढली. बारा पानं गेल्यावर बांधणी ढिली पडली आणि ऑगस्टचा गठ्ठा सुटला, तो रबर लावून ठेवलाय. तशी ती सुरुवातीपासूनच कच्ची होती, डायरी सपाट उघडत नाही, एका हाताने दाबून धरावी लागते. कागद बरा, जेलपेन मागे उमटत नाही. खुणेची फीत मात्र आखूड, पानाखाली लोंबतच नाही. छपाईत एक चूक अशी की हसावं का रडावं : ‘उद्याची चिंता करू नका’ या वचनाखाली मत्तय ६:४३ लिहिलंय. सहाव्या अध्यायात ३४च वचनं आहेत. उद्याची चिंता करू नये हे सांगताना अंकांची तरी करायची होती.

वचनांची निवड हा एक वेगळाच विषय आहे. सगळी उजेडाची. स्तोत्रसंहितेत रडगाणी काही कमी नाहीत, ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच संपतं, पण डायरीत त्यातलं काही नाही. जुलैत ह्यांचा फिस्टुला बंद पडला. फिस्टुला म्हणजे हातातली शीर धमनीला जोडून सुयांसाठी तयार करतात ती. चालू असली की बोट ठेवल्यावर बारीक थरथर लागते, मांजर घुरघुरताना तिच्या अंगावर हात ठेवावा तशी. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी तिथे बोट ठेवते. त्या सकाळी काही लागलं नाही. मी दुसरं बोट ठेवलं, जागा बदलली, कान लावला. हे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. त्या दिवसाच्या पानावर आनंद करण्याविषयी वचन होतं. ते अंगठ्याखाली झाकून मी चौकोनात काहीतरी लिहायला गेले आणि झालं नाही. पुढे तात्पुरती नळी मानेत घातली, मग नवा फिस्टुला. त्या सगळ्यात अकरा पानं कोरी गेली. अकरा दिवस माझी प्रार्थना म्हणजे ‘प्रभू येशू, दया कर’ एवढीच, जिने चढता-उतरता, तीही पूर्ण म्हटली जायची असं नाही.

डायरीच्या सूचनांत लिहिलंय, ‘चुकलेले दिवस आठवड्याच्या शेवटी भरून काढावेत.’ मी भरले नाहीत. कालची भाकर आज मागून काय करू? त्या दिवशी जे मिळायचं ते मिळालं होतं, नाहीतर मी इथे बसून परीक्षण लिहीत नसते. पानं कोरीच राहू दिली. उघडताना हाताला लागतात.

‘रात्री मागे वळून’ला मात्र पूर्ण गुण. दिवसाच्या शेवटी देवासमोर दिवस पुन्हा चालून पाहण्याची ही रीत १६व्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाने नीट घालून दिली. आमच्या मंडळीत ती फारशी कोणाला ठाऊक नाही. दोन ओळी, जास्त नाही. दमलेल्या माणसाला दोन ओळी जमतात. वर्षभरात माझ्या या ओळींमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द मी शोधला, तो ‘सिस्टर’ निघाला. कुठली सिस्टर हळू सुई टोचते, कोणी स्वतःचं जेवण सोडून ह्यांच्या पायाशी उभी राहिली. मी देवाबद्दल लिहीत होते अशी माझी समजूत होती.

कोणी घ्यावी? ज्यांचा दिवस कोणा दुसऱ्याच्या शरीरावर चालतो त्यांनी जरूर घ्यावी : आजारी माणसाचं करणारे, तान्ह्या बाळाची आई. ज्यांना वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टं लिहायला आवडतात त्यांनाही आवडेल, पण त्यांनी माझी डायरी बघू नये. अक्षर मोठं असणाऱ्यांनी चौकोन आधी पाहून घ्यावा. कोरी वही घेऊन तीन ओळींचा चौकोन स्वतः आखला तरी काम होईल, असं मुलगी म्हणते. होईलही. मला छापील चौकोनाचा धाक लागतो.

पुढच्या वर्षाची आणली आहे. फीत अजून आखूडच. वार ह्यांनी घातले, डायलिसिस चालू असताना, मोकळ्या हाताने. मी घरी येऊन तपासले. चूक एकही नाही, फक्त प्रत्येक शुक्रवारच्या चौकोनाखाली पेन्सिलीने आणखी तीन ओळी आखल्या आहेत.