शिमानो आरसी१ की आरसी३? बेळगाव भागात रोड सायकलिंगचे बूट घेताना

क्लीटच्या, म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने लावलेला तुकडा ज्यात अडकतो अशा पेडलवर पहिल्यांदाच जाणार असाल तर आरसी१ घ्या. आरसी३ दिसायला देखणा आहे, पण दोन्हींचा सोल काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा आणि कंपनीच्याच मोजणीत दोघांचा कडकपणा ६. शर्यतीचे कार्बन सोलचे बूट याच मोजणीत १२ पर्यंत जातात. म्हणजे आरसी३ ला जास्त पैसे मोजून पेडलवर जास्त जोर लागत नाही. ते पैसे मुख्यतः बोआच्या डायलचे, म्हणजे फिरवून तारेने बूट आवळणाऱ्या चकतीचे.

डायल वाईट नाही. तार पायावर सारखी बसते, पट्टीची शेपटं लोंबत नाहीत. पण आरसी३ वरचा एल६ डायल फिरवून फक्त आवळता येतो. जरासा सैल करायची सोय नाही. वर ओढला की तार पूर्ण सुटते, मग पुन्हा पहिल्यापासून आवळा. जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या दिशेने उन्हात चढताना पाय फुगतो, तेव्हा याचा वैताग येतो. आरसी१ ची चवड्यावरची पट्टी तेवढीच सैल करता येते, वरच्या दोन तशाच घट्ट राहतात. वेल्क्रो झिजलं तर चप्पल शिवणारा नवं शिवून देतो. तार तुटली तर सुटा भाग मागवून वाट बघायची.

आता मापाकडे, कारण पैसे वाया जातात ते इथे. अथणी-निपाणीच्या चपलांत वावरलेला पाय चवड्याला पसरट असतो आणि रोडचे बूट चवड्यालाच निमुळते. मग दुकानात करंगळी दाबली की सरळ एक नंबर मोठा घेतला जातो. त्याने रुंदी नावाला वाढते, लांबी मात्र पुरेपूर वाढते. टाच आत उचलली जाते आणि सोलची भोकं चवड्याच्या पुढे सरकल्याने क्लीट हव्या त्या जागी बसत नाही. पाय खरंच रुंद असेल तर आरसी३ रुंद साच्यातही मिळतो; डायलचे पैसे मोजावेत ते या एका कारणासाठी.

माप संध्याकाळी घ्या, सायकलचे मोजे घालून. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळा भार त्याच पायावर टाकायचा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करायची. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. शिमानोच्या तक्त्यात २५.८ सेंमीला ४१, २६.५ ला ४२, २७.२ ला ४३. बूट घालून उभं राहिल्यावर बोटं हलली पाहिजेत आणि चवडे उचलले तरी टाच सुटता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ हे चामड्याच्या चपलेला ठीक, या कृत्रिम कापडाला नाही.

क्लीट लावताना अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बुटाबाहेरून चाचपून दोन्हीकडे चिकटपट्टीने खूण करा. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मधोमध आला पाहिजे. क्लीट फार पुढे गेली तर पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते. तिरकी बसली तर गुडघा दुखतो. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, ४ मिमीच्या ॲलन कीने तिन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा, ५ ते ६ न्यूटन मीटरपर्यंत. बोल्ट ढिला राहिला तर टाच बाहेर वळवूनही पाय सुटत नाही, कारण बूट वळतो आणि क्लीट पेडलमध्येच राहते. असे लोक सिग्नलला आडवे होतात.

रंगाकडेही बघा. शिमानोची पिवळी क्लीट पाय ६ अंश हलू देते, निळी २, लाल अजिबात नाही. सुरुवात पिवळ्यानेच करावी. लूक कंपनीच्या केओ क्लीटमध्ये मात्र लाल सर्वांत मोकळी, ९ अंशांची. दोन्हींची तीन भोकं सारखीच म्हणून दोन्ही क्लीट एकाच बुटावर बसतात, पण एकीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये चालत नाही. जुने पेडल स्वस्तात घेताना हे आधी तपासा.

पावसाळ्यात हीच निवड बदलते. खानापूर-चोर्ल्याच्या बाजूला सायकल टेकवून चहाला उतरलं की लाल माती क्लीटच्या पुढच्या नाकात बसते आणि क्लीट पेडलमध्ये अडकेना होते. शिवाय क्लीटचं प्लास्टिक चालण्याने झिजतं. पिवळे कोपरे घासून गेले की क्लीट बदलावीच. वारंवार उतरणाऱ्यांना, धरणावर किंवा राजहंसगडावर पायी फिरणाऱ्यांना दोन बोल्टच्या लहान क्लीटचा, शिमानोच्या एसपीडी पद्धतीचा बूट बरा, उदाहरणार्थ एक्ससी१, आणि त्यासोबत एम५२० पेडल, जे दोन्ही बाजूंनी लागतं. तिथे क्लीट धातूची आणि सोलच्या रबरात दबलेली, त्यामुळे फरशीवर घसरायची भीती कमी. चवड्याखालचा आधार थोडा लहान होतो, पण निपाणीपर्यंत जाऊन यायला तेवढा पुरतो.

भिजलेला बूट उन्हात ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. आतला पातळ तळ काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी ते बदला.