‘अ‍ॅना कॅरेनिना’ घ्यावी की ‘द अवेकनिंग’?

राजारामपुरीतल्या आमच्या वाचनगटाला दिवाळीनंतर एक कादंबरी ठरवायची आहे. विषय पक्का आहे: संसारात घुसमटून घराबाहेर पडलेली बाई. टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ (१८७८) आणि केट शोपँची ‘द अवेकनिंग’ (१८९९) अशी दोन नावं पुढे आहेत.

‘अवेकनिंग’ची ३९ छोटी प्रकरणं दोन-चार रात्रींत होतात. ‘अ‍ॅना’चे ८ भाग आहेत, गळीत हंगामात हातात घेतली तर गुढीपाडव्यापर्यंत चालेल.

शोपँची एडना न्यू ऑर्लिन्समध्ये राहणारी, दोन मुलांची आई. नवरा हात उगारणारा नाही. पण रात्री उशिरा येतो, मुलाला ताप आहे म्हणत तिला झोपेतून उठवतो, मुलांकडे लक्ष नाही म्हणून बोलतो. पोराला ताप नसतोच. ती बाहेर बसून रडते, आणि का रडतेय हे तिलाही सांगता येत नाही. हे दुखणं इतक्या नेमकेपणानं फार थोड्यांनी लिहिलंय. पुढे ती स्वतःच्या पैशांवर जवळच लहान घर घेते. नवरा चारचौघांत शोभावं म्हणून वर्तमानपत्रात घराच्या दुरुस्तीची बातमी देतो. मुलं मात्र तेव्हा आजीकडे असतात, त्यामुळे तिच्या जाण्याची झळ त्यांना कशी लागली ते फारसं दिसत नाही.

‘अ‍ॅना’त ती झळ पानोपानी आहे. आई मेली असं अ‍ॅनाच्या मुलाला, सेर्योझाला, सांगितलेलं असतं. त्याच्या वाढदिवसाला ती सकाळीच नवऱ्याच्या घरात शिरते, त्याला पोटाशी धरते, आणि आणलेली खेळणी द्यायची राहून जातात.

माझं मत ‘अ‍ॅना’ला आहे, पण ते तिची भावजय डॉली हिच्यामुळे. नवऱ्यानं फसवलं तरी ती पोरांसाठी राहिली. अ‍ॅनाकडे जाताना वाटेत तिला वाटतं, आपणही निघायला हवं होतं. तिथे पोचल्यावर ठिगळाच्या कपड्यांची लाज वाटते. आणि एका मुक्कामात घरची ओढ लागते. आमच्या गटात डॉली बऱ्याच आहेत, त्यांनाही बोलायला जागा हवी. लेव्हिन या जमीनदाराच्या शेतीची प्रकरणं गाळू नका. घरी शेती असलेल्यांना गवतकापणीचा दिवस फार आवडेल.

एकाच बैठकीत चर्चा उरकायची असेल तर ‘अवेकनिंग’ घ्या. दोन्हींत शेवटाकडे नायिकेचा मृत्यू होतो. गटात एखादी सध्या अशाच पेचात असेल, तर तिला हे आधी सांगा आणि मगच पुस्तक ठरवा.