लो ग्लुकोज डीएमईएम पावडर, 1 लिटरचं पाऊच: आपल्याकडच्या उन्हात हेच परवडतं

जळगावात टिश्यू कल्चर म्हटलं की समोरचा आधी केळीच्या रोपांचा भाव विचारतो, पण हा रिव्ह्यू स्टेम सेलच्या मीडियाचा आहे भो, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रावणाचा, डीएमईएम हे त्यातलंच एक. केळीची रोपं ज्यावर वाढवतात त्या एमएस मीडियात लिटरला 30 ग्रॅम साखर पडते, इथे फक्त 1 ग्रॅम ग्लुकोज, आणि नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशींना (हाड, चरबी बनू शकणाऱ्या स्टेम सेल) तेवढं पुरतं. 4.5 ग्रॅमवाला हाय ग्लुकोज पण मिळतो, पण साखर जास्त म्हणजे वाढ जास्त असं काही नसतं, उलट जास्त साखरेत पॅसेजमागून पॅसेज (भरलेल्या भांड्यातून काढून नव्या भांड्यात लावणं म्हणजे एक पॅसेज) वाढवत नेल्या की पेशी पसरट होत जातात, विभाजन मंदावतं, थोडक्यात लवकर म्हाताऱ्या होतात.

आता पावडरच का, तर रेडीमेड लिक्विडमध्ये बहुतेक वेळा साधं एल-ग्लुटामाइन (पेशींना लागणारं अमिनो आम्ल) असतं, ते पाण्यात टिकत नाही, उष्णतेत तर भराभर तुटतं आणि अमोनिया सोडतं, म्हणजे पेशींचं खाणं पण गेलं आणि वरून विष. मे महिन्यात आमची लिक्विडची बाटली कुरिअरच्या टेम्पोत दुपारभर तापत पडली, हातात आली तेव्हा आइस पॅकचं कोमट पाणी झालेलं. दिसायला एकदम ओके, मीडियातल्या फिनॉल रेड या रंगद्रव्याचा रंग जसाच्या तसा, पेशी चिकटल्या पण, फक्त पुढे वाढेचनात. त्याच बॅचच्या पेशी पावडरच्या ताज्या मीडियावर मस्त पसरल्या. म्हणून रंगावर जाऊ नका, रंग फक्त पीएच (आम्लता किती ते) सांगतो, ग्लुटामाइन उरलंय का ते नाही. लिक्विडच हवं असेल तर अलॅनिल-ग्लुटामाइनवालं घ्या, ते टिकतं पण महाग पडतं.

पावडरला कटकट आहेच. सोडियम बायकार्बोनेट 3.7 ग्रॅम वेगळं टाका, जंतू अडवायला 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, पीएच किंचित कमीच ठेवा कारण फिल्टर करताना वर सरकतो. बनवलेलं ट्यूबलाइटखाली उघडं ठेवू नका, उजेडात रायबोफ्लेविन या व्हिटॅमिनमुळे पेशींना घातक पेरॉक्साइड तयार होतो. पेशी वाढायला 10 टक्के सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) वेगळं आणावं लागतं आणि खरा खिसा तिथेच रिकामा होतो, पण तो काही पावडरचा दोष नाही.

5 पैकी 4. एक कापला कारण पाऊच परत बंद करायची सोयच नाही, पावसाळ्यात उघडं राहिलं की गोळे झालेच. आणि अर्धं पाऊच तोलून वापरायचा शहाणपणा करू नका, व्हिटॅमिनं इतकी थोडी असतात की कुठल्या अर्ध्यात किती गेली ते कळणार नाही.