मेडिकलमधलं शौचातल्या रक्ताचं किट: कधी घ्यावं, कधी घेऊच नये

किट दिसायला साधं आहे: चपटं प्लॅस्टिकचं कार्ड, द्रावण भरलेली करंगळीएवढी बाटली आणि तिच्या झाकणाला आतून जोडलेली खाचांची काडी. डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचात आहे का, एवढंच ते सांगतं, पण तेवढं काम चांगलं करतं. कार्डावरची प्रतिपिंडं माणसाचंच हिमोग्लोबिन ओळखतात. त्यामुळे आदल्या दिवशी मटण किंवा मुळा खाल्ला तरी निकाल बिघडत नाही. जुन्या ग्वायक चाचणीत ही पथ्यं पाळावी लागत.

चुका होतात त्या नमुना घेताना. भारतीय संडासात आधी जुना पेपर किंवा कागदी पत्रावळ अंथरावी. कमोडमध्ये टाकलेल्या निळ्या क्लीनरच्या पाण्यातला मळ घेऊ नये, लघवीही लागू देऊ नये. रक्त सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं, म्हणून काडी पाच-सहा ठिकाणी टोचायची. खाचा भरल्या की पुरे. जास्त मळ कोंबला तर द्रावण घट्ट होतं, कार्डावर पुढे सरकत नाही आणि सी ची, म्हणजे चाचणी नीट चालल्याची, रेघच उमटत नाही. असं कार्ड बाद. बाटली नीट हलवून 2-3 थेंब टाकायचे आणि माहितीपत्रकात दिलेल्या वेळेला, बहुधा 5 मिनिटांनी, बघायचं. सी बरोबर टी ची, म्हणजे रक्त सापडल्याची, रेघ फिकट आली तरी रक्त आहे असंच धरायचं. तासाभराने उमटलेली रेघ मोजायची नाही. पाळी चालू असताना किंवा मूळव्याध वाहत असताना चाचणी करू नये. किट 30 अंशांच्या आत ठेवायचं असतं, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात ते कुठे ठेवलं होतं हे दुकानदाराला जरूर विचारा.

जठरातल्या अल्सरचं रक्त मात्र या कार्डाला सहसा सापडत नाही, कारण खाली येईपर्यंत त्यातलं प्रथिन पचून गेलेलं असतं. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्याला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच झालं, तर कार्ड काहीही म्हणो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो चिकटपणा नसतो.

आणि रक्त डोळ्यांना दिसतच असेल तर किटवर पैसे घालवू नका. चिरल्यासारखी कळ येऊन मळावर लाल रेघ दिसली तर बहुधा फिशर (गुदद्वाराशी पडलेली चीर), न दुखता टपटप पडलं तर बहुधा मूळव्याध. आवेत मिसळलेलं रक्त आमांशात दिसतं, आठवडेच्या आठवडे थांबलं नाही तर कोलायटिसही (मोठ्या आतड्याची सूज) असू शकतो. पण नुसत्या रंगावरून घरी निदान करू नका. मूळव्याध समजून महिनोन्महिने मलम लावलं जातं आणि आतड्याचा कॅन्सर तसाच वाढत राहतो. पंचेचाळिशीपुढे शौचाची सवय बदलली, हिमोग्लोबिन किंवा वजन उतरलं, तर कार्डावर टी ची रेघ आली नाही तरी डॉक्टरांना दाखवाच.

टी ची रेघ आल्यावर खात्रीसाठी दुसरं किट आणू नका. आतड्यातल्या गाठी रोज रक्त गाळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या कार्डावर ती रेघ न येणंही सहज शक्य असतं. पहिल्याच कार्डाचा फोटो घेऊन पोटविकारतज्ज्ञाकडे जा आणि कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याचं, विचारा.