अंगठीतून गेली म्हणजे पश्मीना नव्हे

श्रीनगरमध्ये दोन शाली घेतल्या. आईसाठी १४,५०० रुपयांची, सासूबाईंसाठी ९,८०० ची. एकूण २४,३०० रुपये पाण्यात गेले.

आईला साधी लोकर टोचते, मानेवर पुरळ उठतं. पश्मीना म्हणजे थंड पहाडी भागातल्या बकरीची मऊ लोकर. तिचा तंतू १२ ते १६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) इतका बारीक, म्हणून तो टोचत नाही आणि हलका असूनही भरपूर ऊब देतो, हे मी जाण्याआधी वाचलं होतं. त्यामुळे डोळे मिटून पैसे टाकले असं कुणी म्हणू नये.

ड्रायव्हर ‘ओळखीच्या’ दुकानात नेतो, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कहवा (काश्मिरी चहा), लडाखमधल्या चांगथांगच्या बकऱ्यांचे फोटो, मग अंगठीतून सर्रकन ओढलेली शाल. तो खेळ बघून भुलू नका, पातळ व्हिस्कोजची (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याची) शालही तशीच निघते.

मी शाल दारापाशी उजेडात नेली होती. वीण पट्टीने आखल्यासारखी एकसारखी होती. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं, हे मला ठाऊक होतं! विचारलं, "हातमागाचीच ना?" दुकानदाराने उत्तर दिलं नाही, भाव उतरवला. २२,००० वरून १४,५०० वर यायला त्याला चार मिनिटंही लागली नाहीत. तिथेच शाल खाली ठेवायला हवी होती. पण मुलं गाडीत कंटाळली होती, नवरा घड्याळ बघत होता, आणि मी कार्ड पुढे केलं. तो दारातला उजेड अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरी झालरीतला एक धागा जाळला. केस जळाल्याचा वास येऊन चुरडणारी राख उरायला हवी होती. धागा वितळला, कडक काळा मणी झाला. सरळ सरळ कृत्रिम धागा.

बिलावर ‘पश्मीना’ लिहून घ्या, टक्केवारीसकट. माझ्या बिलावर नुसतं ‘लेडीज शाल, २ नग’ आहे. यावरच सगळे हात झटकतात. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. पर्यटन कार्यालयाने प्रत्यक्ष येऊन अर्ज द्या म्हटलं. दोन शालींसाठी पुन्हा काश्मीर गाठू? ग्राहक मदतीच्या फोनवर तक्रार क्रमांक मिळाला, आणि अकराव्या दिवशी मेसेज आला, ‘तक्रार निकाली’. कुणी निकाली काढली, काय ठरवून? दुकानदाराला एक फोन तरी केला होता का? पुन्हा फोन केला तर नवा क्रमांक, आणि सगळी कहाणी पहिल्यापासून.

काश्मीर पश्मीन्याला २००८ पासून भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. तपासणीची प्रयोगशाळा श्रीनगरातच आहे, तपासून खऱ्या ठरलेल्या शालीला क्रमांकाचं लेबल लावतात. लेबल नसेल तर उठा, कहवा प्यायला असलात तरी. कुणी दबक्या आवाजात ‘शाहतूश’ म्हणालं तर तिथे थांबूच नका, त्या लोकरीसाठी चिरू (तिबेटी हरणं) मारले जातात आणि तिची शाल बाळगणंही गुन्हा आहे.

वितळलेला धागा आणि बिल मी पाकिटात जपून ठेवलंय. सोमवारी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देणार आहे. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.