मॅचलेस डीसी-३० की फ्रीडमन बीई-१००?
टिळकवाडीतल्या आमच्या खोलीत दोन्ही ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर) एकाच गिटारवर वाजवून पाहिले. मॅचलेसमध्ये चार ईएल८४ ट्यूब, ३० वॅट. गेन, म्हणजे आवाज फाटून खरखरीत होण्याचं प्रमाण, बेताचाच, पण बोटांचं सगळं ऐकतो: तार हळू छेडली की स्वच्छ, जोरात मारली की स्वराच्या कडेला गोड खरखर. त्याच्या ईएफ८६ ट्यूबच्या चॅनेलवर एकच स्वर धरला. बाहेर बेळगावचा पाऊस कोसळत होता, तरी खोली त्या स्वरानं भरून गेली.

फ्रीडमनचा पिंड मार्शल या ब्रिटिश रॉक अ‍ॅम्पचा. चार ईएल३४, १०० वॅट, गेन भरपूर. मेटलवाल्यांनी डोळे झाकून घ्यावा.

मला मात्र मॅचलेसच हवा. गेन पायाखालच्या इफेक्ट पेडलनं वाढवता येतो, तो स्वर नाही. अमेरिकेतून आणणार असाल तर १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नका.